सरहद्द, सीमा आणि हद्द : इंग्रजीतील सीमावाचक शब्दांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

आधुनिक भारताच्या इतिहासाचा अभ्यास करताना 'वायव्य सरहद्द प्रांत', 'रॅडक्लिफ सीमा आयोग', 'सीमा सुरक्षा दल' आणि 'नियंत्रण रेषा' या चार संज्ञा वारंवार येतात. मूळ इंग्रजीत या चार ठिकाणी अनुक्रमे 'फ्रंटिअर', 'बाउंडरी', 'बॉर्डर' आणि 'लाईन' असे चार भिन्न शब्द आहेत. मराठीतील अध्यापनात मात्र या सर्वांचा आशय 'सीमा' या एकाच शब्दात सांगण्याची सवय रूढ झाली आहे. त्यामुळे 'ड्युरँड रेषा ही ब्रिटिश हिंदुस्थानची सीमा होती काय?' या साध्या प्रश्नाचे नेमके उत्तर देणे कठीण जाते. कारण प्रश्नातील 'सीमा' हा शब्द कोणत्या इंग्रजी शब्दासाठी वापरला आहे, यावर उत्तर अवलंबून असते.

प्रस्तुत निबंधात इंग्रजीतील कड, काठ आणि सीमा दर्शविणाऱ्या प्रमुख शब्दांचा उगम, त्यांचा वापर आणि त्यामागील इतिहास यांचा विचार केला आहे. या शब्दांतील मुख्य भेद रुंदीचा आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. काही शब्द केवळ रेषा दर्शवितात, तर काही शब्द पट्टा दर्शवितात. रेषेवर कोणी राहत नाही. पट्ट्यात मात्र माणसे राहतात. म्हणून हा भेद केवळ शब्दकोशाचा नसून राज्यसत्ता आणि प्रजा यांच्या संबंधाचाही आहे.

१. व्यवहारातील शब्द आणि राज्यकारभारातील शब्द :

इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर राजदरबार आणि न्यायव्यवहार यांत फ्रेंच व लॅटिन भाषांचा अंमल सुरू झाला. सामान्य जनतेची भाषा इंग्रजीच राहिली. या दुहेरी व्यवस्थेचा ठसा सीमावाचक शब्दांवर स्पष्ट दिसतो. 'एज', 'रिम' आणि 'हेम' हे शब्द जुन्या इंग्रजीतील असून 'ब्रिंक' हा शब्द स्कँडिनेव्हियन भाषांतून आला आहे. हे शब्द हत्यार, भांडे, वस्त्र आणि दरड यांच्याशी निगडित आहेत. याउलट 'बॉर्डर', 'फ्रंटिअर', 'बाउंड', 'लिमिट', 'मार्जिन' आणि 'व्हर्ज' हे शब्द फ्रेंच किंवा लॅटिनमार्गे आले. तहनामे, सनदा आणि कायदे यांत प्रामुख्याने हाच दुसरा वर्ग आढळतो.

'एज' या शब्दाचा मूळ अर्थ शस्त्राची धार असा आहे. संस्कृतातील कोपरा किंवा धार या अर्थाचा 'अश्रि' हा शब्द याच कुळातील असून 'चतुरश्र' या शब्दात तो आपल्या परिचयाचा आहे. पृष्ठभागाची कड हा 'एज'चा अर्थ नंतर विकसित झाला. इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधील उभ्या कड्यांना आजही 'स्टॅनेज एज', 'कर्बर एज' अशी नावे आहेत. 'ब्रिंक' हा शब्द बहुधा संकटाच्या संदर्भात येतो. मनुष्य विनाशाच्या किंवा युद्धाच्या 'ब्रिंक'वर उभा असतो. शीतयुद्धाच्या काळात, १९५६ मध्ये, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांच्या धोरणावर टीका करताना 'ब्रिंकमनशिप' हा शब्द प्रचारात आला, तो याच अर्थच्छटेमुळे.

'व्हर्ज'चा इतिहास अधिक बोलका आहे. लॅटिनमध्ये 'व्हिर्गा' म्हणजे काठी. राजाच्या कारभाऱ्याच्या हातातील अधिकारदंडावरून त्याच्या अधिकारक्षेत्राला 'व्हर्ज' म्हटले जाऊ लागले. राजदरबाराभोवतीच्या बारा मैलांच्या परिसराला हे नाव होते. दरबार हलला की 'व्हर्ज'ही हलत असे. पुढे या क्षेत्राच्या कडेला तेच नाव मिळाले आणि आज कोणतीही गोष्ट घडण्याच्या बेतात असली की ती 'व्हर्ज'वर असल्याचे इंग्रजीत म्हटले जाते.

'मार्जिन' या शब्दाला निश्चित रुंदी आहे. पानाच्या कडेला लिहिण्यावाचून सोडलेल्या जागेस आपण समास म्हणतो, तेच 'मार्जिन'. व्यापारात खर्च आणि विक्री यांतील अंतरालाही हाच शब्द आहे. 'एज'ला रुंदी नाही, 'मार्जिन'ला आहे. हा भेद पुढील विवेचनात आधारभूत मानला आहे.

२. 'मार्च' : पट्टा म्हणून सीमा :

'खूण' हा अर्थ असणारा 'मार्क' आणि सीमाप्रदेश हा अर्थ असणारा 'मार्च' हे एकाच जर्मानिक मुळाचे शब्द आहेत. लॅटिनमधील 'मार्जिन'चे मूळही त्याच प्राचीन धातूत सांगितले जाते. मध्य इंग्लंडमधील 'मर्सिया' या राज्याच्या नावाचा अर्थ 'सीमेवरचे लोक' असा होतो. याच मर्सियाचा राजा ऑफा (७५७–७९६) याचे नाव वेल्सच्या बाजूच्या प्रसिद्ध मातीच्या बांधाला दिले गेले आहे.

नॉर्मन विजयानंतर विल्यम राजाने वेल्सच्या बाजूस हेरफर्ड, श्रुजबरी आणि चेस्टर येथे आपले विश्वासू सरदार नेमले. त्यांच्या ताब्यातील आणि त्यांनी पुढे जिंकत नेलेल्या प्रदेशाला 'वेल्श मार्चेस' म्हणतात. या प्रदेशात राजाचा न्यायादेश चालत नसे. सरदारांची स्वतःची न्यायालये होती, त्यांना किल्ले बांधण्याचा आणि लढाई करण्याचा अधिकार होता. आठव्या हेन्रीच्या काळात १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी ही व्यवस्था संपुष्टात आणून तेथे परगणे निर्माण केले. म्हणजेच सुमारे साडेचार शतके इंग्लंड आणि वेल्स यांच्या दरम्यान एक रेषा नव्हती, एक प्रदेश होता. या प्रदेशाच्या रक्षणकर्त्याचे पद जर्मनीत 'मार्कग्राफ' म्हणून आणि फ्रान्समध्ये 'मार्की' म्हणून ओळखले गेले. इंग्लंडमधील 'मार्क्विस' हा किताब त्यातूनच आला. लॉर्ड कर्झन यांना १९२१ मध्ये हाच किताब मिळाला. सरहद्दीविषयी सर्वाधिक लिहिणाऱ्या व्हाइसरॉयचा किताब मुळात सरहद्दीच्या रखवालदाराचा होता, हा योगायोग लक्षणीय आहे.

३. 'बॉर्डर' : रेषा आणि पट्टा यांचे मिश्रण :

'बॉर्डर' हा शब्द वस्त्राच्या किनारीसाठी असलेल्या फ्रेंच शब्दावरून आला. लुगड्याच्या काठाप्रमाणे तो वस्त्राचा भाग असतो आणि वस्त्राचा शेवटही असतो. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या दरम्यानच्या 'बॉर्डर'चा इतिहास असाच दुहेरी आहे. १२३७ च्या यॉर्कच्या तहाने सॉलवेपासून ट्वीड नदीपर्यंतची रेषा मान्य झाली. तरीही दोन्ही बाजूंना पूर्व, मध्य आणि पश्चिम असे तीन तीन 'मार्च' पाडून त्यांवर 'वॉर्डन' नेमावे लागले. १२४९ मध्ये या प्रदेशासाठी स्वतंत्र कायदे लिहिण्यात आले. रेषा कागदावर असूनही कारभार पट्ट्याचाच होता.

पश्चिमेकडील एस्क आणि सार्क या नद्यांमधील भूभाग तर दोन्ही राज्यांचा नव्हता. त्याला 'वादग्रस्त भूमी' असेच नाव होते. १५५२ मध्ये फ्रेंच राजदूताच्या मध्यस्थीने या भूमीची वाटणी करून तेथे मातीचा बांध घालण्यात आला. १६०३ मध्ये दोन्ही राज्यांचा राजा एकच झाल्यावर पहिल्या जेम्सने या प्रदेशाला 'बॉर्डर' न म्हणता राज्याचा मध्यभाग म्हणावे असा प्रयत्न केला. नाव बदलले की वास्तव बदलेल, ही राज्यकर्त्यांची समजूत जुनी आहे.

याच प्रदेशाने इंग्रजीला 'ब्लॅकमेल' हा शब्द दिला. यातील 'मेल' म्हणजे खंड किंवा भाडे. लुटारू टोळ्यांपासून संरक्षण मिळावे म्हणून शेतकरी जो खंड देत, त्याला हे नाव होते. या शब्दाचा मराठ्यांच्या इतिहासाशी आलेला संबंध पुढे पाहू.

४. 'पेल' आणि 'बाउंडरी' : कुंपण आणि रेषा :

लॅटिनमध्ये 'पालुस' म्हणजे मेख किंवा खुंट. त्यावरून कुंपणाला आणि कुंपणाआतील क्षेत्राला 'पेल' म्हटले गेले. पंधराव्या शतकात आयर्लंडमध्ये इंग्रजांची खरी सत्ता डब्लिनभोवतीच्या मर्यादित प्रदेशात उरली होती. तो 'पेल' होय. १४९४–९५ च्या संसदेने त्याभोवती चर खणण्याचा आदेश दिला. फ्रान्समधील 'कॅलेचा पेल' १५५८ पर्यंत इंग्रजांकडे होता. असभ्य वर्तनाला 'पेलच्या बाहेरचे' म्हणण्याचा इंग्रजी वाक्प्रचार आयर्लंडवरून आला अशी लोकप्रिय समजूत आहे. परंतु तिला भक्कम पुरावा नाही आणि हा वाक्प्रचार बऱ्याच नंतरच्या लेखनात आढळतो. तथापि, आतले ते सुसंस्कृत आणि बाहेरचे ते रानटी, ही वृत्ती त्या शब्दात मुरली, एवढे निश्चित. रशियन साम्राज्यात १७९१ ते १९१७ या काळात ज्यूंना ठरावीक प्रदेशाबाहेर वस्ती करण्यास मनाई होती. त्या व्यवस्थेच्या रशियन नावातील शब्दाचा अर्थ 'रेषा' असा आहे. इंग्रजीत मात्र तिला 'पेल' म्हटले गेले.

'बाउंडरी' हा शब्द सतराव्या शतकातील आहे. 'बाउंड' या जुन्या शब्दाला प्रत्यय लागून तो तयार झाला. 'बाउंड'चा संबंध शेत, गाव आणि धर्मक्षेत्र यांच्या हद्दीशी होता. इंग्लंडमधील पॅरिशमध्ये दरवर्षी गावकरी हद्दीवरून फेरी काढीत आणि खुणेच्या दगडांपाशी मुलांना आपटवीत किंवा छड्या मारीत, हेतू हा की त्यांना ती जागा जन्मभर लक्षात राहावी. नकाशे नव्हते तेव्हा हद्द स्मरणात ठेवली जात असे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत कुंपणबंदीच्या हजारो कायद्यांनी सामाईक जमिनींची वाटणी झाली आणि मोजणी, नकाशा व खुणेचे दगड यांचे महत्त्व वाढले. रुंदी नसलेली, मोजून काढलेली आणि कागदावर दाखविता येणारी रेषा हा 'बाउंडरी'चा आधुनिक अर्थ या काळात दृढ झाला.

५. 'फ्रंटिअर' : १८९३ मधील दोन प्रसंग :

'फ्रंटिअर' हा शब्द 'फ्रंट' म्हणजे कपाळ किंवा पुढची बाजू यावरून आला. जो प्रदेश शेजाऱ्याकडे तोंड करून आहे तो 'फ्रंटिअर'. या शब्दात दिशा आहे आणि पुढे सरकण्याची शक्यताही आहे.

१२ जुलै १८९३ रोजी शिकागो येथे फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने अमेरिकेच्या इतिहासातील 'फ्रंटिअर'चे महत्त्व या विषयावर निबंध वाचला. १८९० च्या जनगणनेनंतर वस्तीची सलग सीमा दाखविता येत नाही असे जाहीर झाले होते. पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्या वस्तीच्या या कडेनेच अमेरिकन लोकशाही आणि स्वभाव घडविला, असे टर्नर यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या लेखी 'फ्रंटिअर' म्हणजे मोकळ्या जमिनीची अलीकडची बाजू. ती जमीन मोकळी नव्हती, तेथे मूळ रहिवासी होते, ही टीका पुढील पिढ्यांतील इतिहासकारांनी योग्य रीतीने केली.

बरोबर चार महिन्यांनी, १२ नोव्हेंबर १८९३ रोजी, हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्र सचिव सर मॉर्टिमर ड्युरँड आणि अफगाणिस्तानचे अमीर अब्दुर रहमान यांच्यात करार झाला. त्यातही 'फ्रंटिअर' हाच शब्द होता. अमिराच्या मुलखाची पूर्व आणि दक्षिण 'फ्रंटिअर' नकाशातील रेषेप्रमाणे राहील आणि रेषेपलीकडे कोणी हस्तक्षेप करणार नाही, असा त्याचा आशय होता. एकाच करारात 'फ्रंटिअर', 'बॉर्डर' आणि 'लाईन' हे शब्द एकमेकांत मिसळले आहेत. ही सुमारे २६०० किलोमीटर लांबीची रेषा सार्वभौमत्वाची सीमा होती की प्रभावक्षेत्राची मर्यादा, हा वाद तेथून सुरू झाला. ३० सप्टेंबर १९४७ रोजी पाकिस्तानच्या संयुक्त राष्ट्रांतील प्रवेशाविरुद्ध एकट्या अफगाणिस्तानने मत दिले, त्यामागे हाच वाद होता.

६. हिंदुस्थानातील वापर आणि त्याचे परिणाम :

ब्रिटिश अधिकारी हा भेद जाणून होते. लॉर्ड कर्झन यांनी १९०७ मध्ये ऑक्सफर्ड येथे 'फ्रंटिअर्स' या विषयावर व्याख्यान दिले. त्यांत त्यांनी 'फ्रंटिअर'ला वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली आणि साम्राज्याच्या वायव्येस एकापुढे एक अशा तीन मर्यादा कशा होत्या हे मांडले : प्रत्यक्ष प्रशासनाची मर्यादा, ड्युरँड रेषा आणि त्यापलीकडील सामरिक मर्यादा. सर हेन्री मॅकमोहन यांनी ड्युरँड रेषेच्या बलुचिस्तानकडील आखणीचे काम केले होते आणि १९१४ मधील सिमला परिषदेतील ईशान्येकडील रेषेला त्यांचेच नाव आहे. १९३५ मधील व्याख्यानात त्यांनी 'फ्रंटिअर' म्हणजे रुंद भूप्रदेश आणि 'बाउंडरी' म्हणजे निश्चित रेषा असा स्पष्ट भेद केला. शब्दांत वा नकाशावर रेषा ठरविणे ही एक क्रिया आणि जमिनीवर खुणा उभारणे ही दुसरी क्रिया, हेही त्यांनी वेगळे सांगितले. पहिलीस आपण सीमानिश्चिती आणि दुसरीस सीमांकन म्हणू शकतो. मॅकमोहन रेषेच्या बाबतीत पहिली क्रिया झाली, दुसरी झाली नाही.

या भेदाचे परिणाम तेथील रहिवाशांना भोगावे लागले. १९०१ मध्ये वायव्य सरहद्द प्रांत स्थापन झाला आणि त्याच वर्षी 'फ्रंटिअर क्राइम्स रेग्युलेशन' लागू झाले. एका व्यक्तीच्या अपराधासाठी संपूर्ण जमातीस दंड करण्याची तरतूद त्यात होती. सर्वसाधारण न्यायालयांचे संरक्षण तेथे नव्हते. स्वातंत्र्यानंतरही पाकिस्तानने आदिवासी भागात हीच व्यवस्था २०१८ पर्यंत चालू ठेवली. प्रांताच्या नावातील 'फ्रंटिअर' हा शब्द २०१० मध्ये गेला आणि 'खैबर पख्तुनख्वा' हे नाव आले. ईशान्येस १८७३ च्या 'बंगाल ईस्टर्न फ्रंटिअर रेग्युलेशन'ने 'इनर लाईन' आखली. ती राज्याची सीमा नव्हती, तर नियमित कारभाराची मर्यादा होती. तिच्यावर आधारलेली परवाना पद्धती अरुणाचल प्रदेश, नागालँड, मिझोराम येथे आणि २०१९ पासून मणिपूरमध्ये आहे. आज ती स्थानिकांच्या संरक्षणाचे साधन मानली जाते. 'नेफा' या नावातही 'फ्रंटिअर' होता. १९७२ मध्ये त्या प्रदेशाला अरुणाचल हे नाव मिळाले.

१९४७ ची स्थिती याच्या उलट होती. पंजाब आणि बंगाल हे प्रांत 'फ्रंटिअर' नव्हते. ते दाट वस्तीचे, कालव्यांचे आणि रेल्वेचे प्रदेश होते. तेथे 'बाउंडरी कमिशन' नेमण्यात आले. सर सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै रोजी भारतात आले आणि निवाडा १७ ऑगस्ट रोजी प्रसिद्ध झाला. त्यांच्या कार्यकक्षेत 'डिमार्केट' म्हणजे सीमांकन करणे हा शब्द होता. वास्तविक त्यांनी केली ती केवळ कागदावरील सीमानिश्चिती. रुंदी नसलेली रेषा वस्तीतून गेल्यावर काय होते, हे फाळणीने दाखविले.

स्वातंत्र्योत्तर काळात 'लाईन' हा शब्द पुढे आला. जम्मू-काश्मीरमध्ये १९४९ च्या कराची करारात 'युद्धबंदी रेषा' आणि १९७२ च्या सिमला करारात 'नियंत्रण रेषा' अशी संज्ञा आहे; चीनच्या संदर्भात १९९३ च्या करारात 'प्रत्यक्ष नियंत्रण रेषा' येते. 'बाउंडरी' म्हटले तर हक्क सोडल्यासारखे होते. 'लाईन' म्हटले तर वस्तुस्थिती मान्य करूनही हक्क कायम ठेवता येतो. १९४९ ची रेषा ज्या बिंदूपुढे केवळ उत्तरेस हिमनद्यांकडे जाते असे मोघमपणे लिहिले गेले, तेथेच पुढे १९८४ मध्ये सियाचीनचा संघर्ष उद्भवला.

७. मराठी प्रतिशब्दांचा प्रश्न :

मराठीत या अर्थाच्या शब्दांची उणीव नाही. गावाची शीव, शेताचा बांध, कोकणातील मेर, नदीचा काठ, वस्त्राची किनार, डोंगराचा कडा हे शब्द आपल्याकडे आहेत. दसऱ्याला होते ते सीमोल्लंघन. 'हद्द' अरबीतून आणि 'सरहद्द' फारसीमार्गे आला. 'सर' म्हणजे डोके. 'फ्रंटिअर'मध्ये कपाळ आहे, तर 'सरहद्द'मध्ये डोके. दोन्ही शब्दांत शेजाऱ्याकडे तोंड केलेल्या प्रदेशाची कल्पना आहे. म्हणूनच 'वायव्य सरहद्द प्रांत' आणि 'सरहद्द गांधी' हे मागील पिढीचे प्रतिशब्द आजच्या सरसकट 'सीमा'पेक्षा अधिक अचूक होते.

पारिभाषिक गोंधळाचे एक उदाहरण 'सीमांत' हा शब्द आहे. अर्थशास्त्रात 'सीमांत उपयोगिता' म्हणताना तो 'मार्जिनल'साठी येतो, तर 'ईशान्य सीमांत रेल्वे' या नावात तो 'फ्रंटिअर'साठी येतो.

मराठ्यांच्या इतिहासाला या भेदाचा थेट उपयोग आहे. १७१९ च्या सनदांनी स्वराज्याबरोबरच दख्खनच्या सहा सुभ्यांवरील चौथाई आणि सरदेशमुखीचे हक्क मिळाले. एकाच गावात मोगलाईचा वसूल आणि मराठ्यांचा हक्क एकत्र नांदत. 'अठराव्या शतकात मराठी राज्याची सीमा कोठे होती?' हा प्रश्न 'बाउंडरी'च्या अर्थाने विचारला तर त्याला उत्तर नाही; हक्कांच्या रुंद पट्ट्याच्या अर्थाने विचारला तर आहे. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात चौथाईचा अर्थ 'ब्लॅकमेल' या शब्दाने दिला आहे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सरहद्दीवरील लुटारूंचा खंड आणि बादशाही सनदेने मान्य झालेला हक्क यांना एका पंक्तीस बसविणारा हा शब्द पुढील इतिहासलेखनास पूर्वग्रह देऊन गेला.

महाराष्ट्र-कर्नाटक वादातही ही गोष्ट दिसते. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगापुढील विषय इंग्रजीत 'बाउंडरी'चा, म्हणजे रेषेचा होता. मराठी लोकव्यवहारात मात्र 'सीमाभाग' आणि 'सीमावासी' हे शब्द रूढ झाले. लोकांनी रेषेऐवजी तेथील वस्तीला नाव दिले. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याचा निर्णय काहीही लागो, या शब्दयोजनेतील समज महत्त्वाची आहे.

निष्कर्ष :

१. इंग्रजीतील सीमावाचक शब्दांतील मुख्य भेद रेषा आणि पट्टा हा आहे. 'मार्च' आणि 'फ्रंटिअर' हे पट्टा, 'बाउंडरी' ही रेषा आणि 'बॉर्डर' हे दोहोंचे मिश्रण दर्शविते.

२. पट्ट्याकडून रेषेकडे झालेली वाटचाल ही मोजणी, नकाशे आणि केंद्रीभूत राज्यसत्ता यांच्या वाढीची वाटचाल आहे. ती सर्वत्र एकाच वेळी झाली नाही.

३. एखाद्या प्रदेशाला 'फ्रंटिअर' म्हणणे याचा परिणाम तेथील रहिवाशांच्या कायदेशीर हक्कांवर झाला. वेल्सपासून खैबरपर्यंत ही गोष्ट दिसते.

४. मराठीतून अध्यापन करताना 'फ्रंटिअर'साठी सरहद्द किंवा सरहद्दीचा प्रदेश, 'बाउंडरी'साठी सीमारेषा किंवा हद्द, 'बॉर्डर'साठी सीमा, 'मार्जिन'साठी समास वा कड आणि 'लिमिट'साठी मर्यादा असे प्रतिशब्द संदर्भानुसार वापरावेत. सीमानिश्चिती आणि सीमांकन यांतही भेद करावा.

५. प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर या भेदानुसार देता येते. ड्युरँड रेषा ही १८९३ मध्ये सरहद्दीवर ओढलेली रेषा होती. तिला पूर्णार्थाने सीमा मानावे की नाही, हाच वादाचा विषय आहे. विद्यार्थ्याला 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर देण्यापूर्वी प्रश्नातील शब्द तपासावयास शिकविणे हे इतिहासाच्या अध्यापकाचे काम आहे. सरहद्दीवर राहणारी माणसे नकाशावरील रेषेत दिसत नाहीत. शब्द अचूक वापरला तर निदान वर्गात ती दिसू शकतील.